न वाजलेला भोंगा

धाकटी नक्की करते तरी काय, असं कुणी विचारलं की तिची आई एका दमात सांगायची, "ती आधी गाते, मग ते गाणं कॉम्प्युटरवर चढवते, मग कुणाच्यातरी भिंतीवर टाकते, आणि मग पोलीस येतात." ऐकणारा हसायचा. आई हसत नसे. तिची ती तक्रार होती, आणि एका परीनं खरीही होती.

दोघी बहिणी लहानपणी एकाच बाईंकडे गाणं शिकायला जात. गळा ताईचा होता. धाकटीकडे नुसती चिकाटी. बाई धाकटीला म्हणायच्या, "तू मोजून गातेस गं. तुझी बहीण श्वास घेतल्यासारखी गाते." पण लग्न झालं आणि ताईचं गाणं सुटलं. कुणी सोडायला लावलं नाही, भांडण झालं नाही. बसमध्ये छत्री राहते तसं ते कुठंतरी राहून गेलं. धाकटी मात्र मोजून मोजून गात राहिली. पोटासाठी एका स्टुडिओत व्हिडिओ कापायला लागली. मग झाडूवाल्यांचा संप झाला, ती त्यांच्याबरोबर रस्त्यावर जाऊन बसली, आणि तिथं तिची तिन्ही कामं एकमेकांत मिसळली. पहाटेच्या झाडूंची खरखर, झाडणाऱ्यांचे खोकले आणि तिचा स्वतःचा आलाप यांची तिनं वीण घातली, आणि नगरपालिकेच्या भिंतीवर त्या माणसांचे हात दोन मजले उंच करून दाखवले. आधी पोलीस आले, दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले. तिचं नाव झालं.

ताई फोनवर चिडवायची, "तुझ्या नावाआधी चार-चार बिरुदं छापतात गं. गायिका, दृश्यकलाकार, कार्यकर्ती, आणखी काहीतरी. आमच्या ह्यांच्या नावाआधी एकच. पंप नंबर दोन."

'हे' म्हणजे भाऊजी. रसायनांच्या कारखान्यात पंपावर होते. एका पहाटे तिथल्या पाइपाचा एक जोड फुटला आणि गॅस जमिनीलगत, धुक्यासारखा, भिंतीखालच्या गटारातून बाहेर सरकला. रात्रपाळी आत होती, भिंतीला लागून असलेल्या गल्ल्या झोपेत होत्या. गेटावरच्या खोलीच्या छपरावर एक भोंगा होता, नेमका याच कामासाठी बसवलेला. तो वाजला नाही. ज्यांना जाग आली ती खोकल्यानं आली. भाऊजी पंपाच्या खोलीच्या दारात सापडले, अर्धे आत, अर्धे बाहेर. गल्ल्यांमधली धरून वीसेक माणसं गेली.

भोंग्याची मोटर दुरुस्तीला गेली होती, असं कंपनीनं सांगितलं. सरकारनं चौकशी नेमली. निवृत्त न्यायाधीश, दोन तज्ज्ञ, तारखांवर तारखा.

धाकटी ताईकडे आली ती चार दिवसांसाठी, आणि राहिलीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची पांढरी टाकी दिसायची, इतकी जवळ की तिच्यावरच्या गंजाचे ओघळ मोजता यावेत. घरात ताई आणि तिची सासू. सासूला धाकटी मावशी म्हणायची. मावशी रडत नसे, ती विचारत असे. "भोंगा का नाही वाजला?" दूधवाल्याला विचारी, मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारी, जिन्यात वाकून बूट घालणाऱ्या शेजाऱ्याला विचारी. "वाजला असता तर तो पळाला असता. पळण्यात शाळेत पहिला होता." लोक मान हलवत आणि भराभर जिना उतरत.

एके दिवशी ताई भांडी विसळत होती. धाकटी ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, तो भोंगा आपण वाजवू या."

"मोटर कुठून आणणार?"

"मोटर नको. गळे आहेत."

ताईनं नळ बंद केला. धाकटीच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे तिला आल्या दिवसापासून कळत होतं. "कुणाचे गळे?"

"तुमचेच. ज्यांची माणसं गेली त्यांचे."

ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी तिथल्या हॉलची किल्ली तिला मिळाली. धाकटीनं आत पाऊल टाकून एकदा टाळी वाजवली आणि खूश झाली. भिंतींना छतापर्यंत कापडाचे गठ्ठे लावलेले होते, आवाज कुठंही घुमत नव्हता. "असली खोली स्टुडिओवाल्यांना बांधून मिळत नाही," ती म्हणाली.

बायका आल्या. कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणारी एक थोराड बाई होती, तिचा नवरा आणि दीर दोघंही गेले होते. एक टायपिस्टबाई होती, तिचा भाऊ गेला होता. एक अगदी कोवळी पोरगी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला सगळ्या 'नवी' म्हणत आणि आता काय म्हणावं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून नवीच म्हणत. आणखीही होत्या. शिलाई मशिनांच्या स्टुलांवर अंग चोरून बसल्या.

"भोंगा कसा वाजतो ते करून दाखवा," धाकटी म्हणाली.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कँटीनवाली म्हणाली, "अगं बाई, रडून दाखवायला सांग, लगेच दाखवते. भोंगा कसला?" आणि सगळ्या फिसकन हसल्या. हसणं थांबेना. नवी तर डोळे पुसायला लागली. किती दिवसांनी हसत होत्या कोण जाणे. धाकटीनं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.

ते हसू ओसरत असतानाच कोपऱ्यातून एक सूर आला. खालचा, भरीव, हळूहळू वर चढणारा. ताई मान खाली घालून, मशिनच्या चाकावर हात ठेवून गात होती. सूर चढत गेला, वर जाऊन थांबला, आणि तिचा श्वास संपत आला तसा टायपिस्टबाईनं तो उचलला. तिच्याकडून नवीनं घेतला. कँटीनवालीचा आवाज फाटका होता, तो खालून सगळ्यांना धरून राहिला. एकीचा दम संपायचा, दुसरी तिथूनच पुढं न्यायची. भोंगा काही थांबायचं नाव घेईना. थांबला तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. धाकटीनं रेकॉर्डिंग बंद केलं. इतक्या वर्षांत असं काही तिच्या हाताला लागलं नव्हतं.

परत जाताना ती ताईला म्हणाली, "तुझा गळा अजून तसाच आहे."

"असू दे," ताई म्हणाली. पण त्या दिवशी ती चार पावलं हलकी चालत होती.

पुढचे दोन महिने धाकटी झपाटल्यासारखी राबली. प्रत्येकीच्या घराची खिडकी तिनं पहाटे बाहेरून चित्रित केली, आधी अंधारी, मग दिवा लागल्यावर. गेलेल्यांची चित्रं नकोत, असं तिनं ठरवलं होतं. टाकीच्या पांढऱ्या पोटावर फक्त काळोख असेल, आणि भोंगा चढत जाईल तसतशी एकेक खिडकी पेटत जाईल. भोंगा वाजला असता तर जे दिवे लागले असते, ते सगळे. जागं झालेलं सगळं गाव. शाळेचं मैदान टाकीच्या समोर होतं. तिथून प्रोजेक्टर मारायचा, तिथंच स्पीकर लावायचे. मुख्याध्यापकांनी हो म्हटलं. पोलिसांची परवानगी नाकी नऊ आणून का होईना मिळाली. आवाज इतकाच ठेवा, असं त्यात लिहिलेलं होतं. बायकांनी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या, फोनवर निरोप फिरवले: अमुक दिवशी संध्याकाळी मैदानावर भोंग्याचा कार्यक्रम आहे, घाबरू नका, बघायला या. कालव्यापर्यंतच्या सगळ्या गल्ल्या झाल्या. कालव्यापलीकडे आवाज जाणारच नव्हता.

मावशीला काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरला.

"त्यांना नको सांगूस," ताई म्हणाली. "आज आहे का, आज आहे का, म्हणून रोज जीव खातील. आणि मैदानात बसवलं तर त्यांना झेपायचं नाही. शेजारीण बसेल त्यांच्याजवळ. खिडक्या लावून टीव्ही मोठा करून देईल."

धाकटीला ते पटलं. खरं सांगायचं तर तिचं अर्धंच लक्ष होतं. तिच्या डोक्यात खिडक्यांचा क्रम चालला होता.

त्या संध्याकाळी मैदान भरलं. मुलं पुढं, म्हातारे खुर्च्यांवर, तरुण पोरं भिंतीवर चढून. भाडोत्री स्पीकर एका टेम्पोवर रचले होते. साउंडवाला जुना माणूस होता. त्यानं बोर्डावर आवाजाच्या सरकत्या खटक्याशेजारी पांढरी चिकटपट्टी लावली आणि धाकटीला म्हणाला, "बाई, इथवर. याच्या पुढं नाही. वारं सुटलंय, आवाज लांब जाईल."

दिवे गेले. टाकी काळी झाली. ताईचा सूर सुरू झाला, एकटा, खालचा, आणि टाकीवर पहिली खिडकी पेटली. मैदानावरची कुजबुज थांबली. दुसरी खिडकी, तिसरी. कँटीनवाली धाकटीच्या मागंच उभी होती, आपला आवाज आपल्याच कानांनी ऐकत, तोंडावर हात ठेवून. नवी ताईला बिलगली होती. "ती बघ माझी," ती म्हणाली, "ती बघ, माझी लागली."

कारखान्याच्या भिंतीपलीकडे, गेटावरच्या खोलीच्या उजेडात, कंपनीचा एक अधिकारी उभा होता. फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं दुसऱ्या कानावर हात ठेवला, जरा वैतागून, शेजारच्या घरात कुणी खिळे ठोकत असावं तसा. धाकटीनं ते पाहिलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. याला ऐकूच जात नाही. आजसुद्धा. तिनं बोर्डावरचा आवाजाचा खटका बोटानं वर सरकवला. चिकटपट्टीच्या पुढं. आणखी पुढं.

"बाई, पुरे," साउंडवाला म्हणाला.

"एकच मिनिट."

त्या मिनिटात भोंगा पुरता चढला. सगळ्या जणींचे आवाज एकत्र आले, टाकीवर आपटून परत फिरले आणि वाऱ्यावर स्वार होऊन मैदानाबाहेर गेले. टाकी खिडक्यांनी भरून गेली होती. अधिकाऱ्यानं फोन खाली घेतला आणि वर बघितलं. धाकटीला आयुष्यात इतकं सुंदर काही दिसलं नव्हतं, आणि ते तिनं केलेलं होतं.

मग कालव्याच्या बाजूनं आरडाओरडा आला.

पहिल्यांदा तिला वाटलं, लोक दाद देताहेत. मग पुलावरून माणसं, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे, धावत येताना दिसली. तोंडाला टॉवेल बांधलेली, पोरं काखेत मारलेली, एक बाई ओल्या केसांनी, एका पायात चप्पल. "गॅस! गॅस सुटला!" मैदानात बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं की हा कार्यक्रम आहे. पण धावणारी माणसं बघून माहीत असलेलं टिकत नाही. एक खुर्ची पडली, मग सगळ्याच पडल्या. फाटक अरुंद होतं. साउंडवाल्यानं वायरच उपटली. आवाज एकदम बंद झाला, आणि त्यानं तर लोक जास्तच घाबरले.

धाकटीनं माईक घेतला. "थांबा! हे खरं नाही! हे सगळं खोटं आहे! खोटं आहे हे!" वायर उपटलेली होती. माईक मेलेला होता. ती ओरडत राहिली.

कालव्यावर, जिन्यांत, फाटकात मिळून बरीच माणसं जखमी झाली. कुणाचा हात मोडला, एका मुलाची बरगडी. मावशी त्या सगळ्यांत नव्हती. शेजारीण पाच मिनिटं खिडक्या बघून येते म्हणून मैदानावर आली होती. तिच्याही भावाची खिडकी होती, तिला दोष कसा द्यायचा? मावशीनं टीव्ही बंद केला असावा. भोंगा ऐकला असावा. तीन मजले ती एकटी उतरली आणि सगळं गाव कारखान्यापासून लांब पळत असताना ती कारखान्याकडे निघाली. गेटाजवळ गर्दीचा धक्का लागून पडली. रखवालदारानं तिला उचललं तेव्हा, तो सांगत होता, ती एवढंच म्हणत होती, "दार उघडा, माझा मुलगा येतोय."

दवाखान्यात तिचं खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं, आणि डोक्यात आत कुठंतरी रक्त साकळलं होतं. वय बघता शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टर म्हणाले. ताई आणि धाकटी आळीपाळीनं बसत. एका दुपारी मावशीनं डोळे उघडले. चेहरा निवळलेला होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका.

"भोंगा वाजला ना गं?" तिनं धाकटीला विचारलं.

धाकटी खुर्ची ओढून तिच्याजवळ वाकली.

"मी ऐकला. स्पष्ट ऐकला. वाजला ना?"

"हो मावशी. वाजला."

"मग आला असेल तो बाहेर." तिनं समाधानानं मान हलवली. "कुठाय? जेवला का?"

धाकटीनं वर बघितलं. ताई दारात उभी होती, हातात औषधांची पिशवी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, पिशवी टेबलावर ठेवली, सासूची चादर नीट केली आणि म्हणाली, "जेवले आई. झोपलेत. दमलेत फार."

मावशी त्याच आठवड्यात गेली. त्या दोन उत्तरांबद्दल बहिणी एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत.

धाकटीवर अफवा पसरवल्याचा आणि निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, सगळं पोलिसांनी नेलं. तिला जामीन मिळाला. पण भोंगा काही पोलिसांकडे राहिला नाही. मैदानातल्या पन्नास फोनांत तो होता. दुसऱ्या दिवसापासून जगभर फिरला. पेटत जाणाऱ्या खिडक्या, आणि मग पळणारी माणसं. परदेशातल्या एका कलामहोत्सवाच्या बाईंचा फोन आला. त्यांना ते दाखवायचं होतं, मोठ्या पडद्यावर, काळोख्या खोलीत. धाकटी म्हणाली, खिडक्या दाखवा, शेवटचं कापा. त्या अत्यंत आदरानं म्हणाल्या, "पण शेवटचंच तर खरं काम आहे. ती माणसं पळतात, तिथं तुमची कलाकृती पूर्ण होते."

"त्यात एक म्हातारी आहे," धाकटी म्हणाली.

"हो, ते वाचलं आम्ही. फार अस्वस्थ करणारं आहे."

धाकटीनं फोन ठेवला. न्हाणीघरात जाऊन तिनं बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

चौकशीची पुढची तारीख आली. धाकटीला वाटत होतं, आता आपल्याला शिव्या बसतील, कंपनी आपल्याकडे बोट दाखवेल. तेवढी तयारी तिनं मनाशी केली होती. कंपनीचा वकील तिला एक वाकडा शब्दही बोलला नाही. सौम्य माणूस होता. उठून म्हणाला, "भोंगा नादुरुस्त होता, हे आमचं आधीचं म्हणणं अपुऱ्या माहितीवर होतं. ते मी मागं घेतो. भोंगा चालू होता. पाळीच्या अधिकाऱ्यानं तो जाणूनबुजून वाजवला नाही. अशा दाट वस्तीत भोंगा वाजला की माणसं अंधारात, अरुंद जिन्यांतून धावतात, आणि गॅसच्या आधी चेंगराचेंगरीनं मरतात. त्यानं एका क्षणात हा विचार केला. याला पुरावा काय, असं आपण विचाराल. पुरावा मला आणावा लागलेला नाही."

आणि त्यानं लॅपटॉपवर ते लावलं. खोलीतल्या लहानशा स्पीकरमधून ताईचा सूर निघाला. पंखे फिरत होते. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. आपलेच आवाज त्यांच्यावर चालून येत होते. कँटीनवालीनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

भोंगा चालू होता. धाकटीच्या डोक्यात एवढंच घुमत होतं. बटण दाबायचं होतं, इतकंच. त्यांनी ते आज, सगळ्यांसमोर, बिनधास्त कबूल केलं, आणि कुणी उठून त्यांची कॉलर धरत नव्हतं. धरणार कशी? सगळे पडद्यावर पळणाऱ्या माणसांकडे बघत होते.

मग ताईला पुढं बोलावलं. सासूच्या मृत्यूबद्दल.

"तुमच्या सासूबाई घराबाहेर का पडल्या?" वकिलानं विचारलं.

"आवाज ऐकून."

"भोंग्याचा?"

"हो."

"तुम्ही घरी असतात तर त्यांना जाऊ दिलं असतं?"

"नाही."

"ताई, माफ करा, विचारावं लागतंय. त्या आवाजात तुमचाही आवाज होता?"

ताईनं कठड्याला धरलं. ती वकिलाकडे बघत नव्हती, धाकटीकडेही नाही. "सुरुवातच माझी आहे," ती म्हणाली.

"आणखी काही विचारायचं नाही," वकील म्हणाला आणि खाली बसला.

अहवाल आला तेव्हा त्यात पाइपाच्या जोडाबद्दल कडक शब्द होते, देखभालीबद्दल सूचना होत्या. भोंग्याबद्दल एक परिच्छेद होता: पाळीच्या अधिकाऱ्याचा निर्णय त्या परिस्थितीत समजण्याजोगा मानावा लागेल, अलीकडील घटनेवरून त्यास पुष्टी मिळते. तो अधिकारी परत कामावर रुजू झाला. 'अलीकडील घटना' या दोन शब्दांवर धाकटीचं बोट अडकून राहिलं. तिचं नावसुद्धा नव्हतं.

वरच्या कोर्टात जायचं का, हे विचारायला ती कँटीनवालीकडे गेली. कँटीनवालीनं दार अर्धंच उघडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तुझ्यावर डूख नाही गं पोरी," ती म्हणाली. "तू आमच्यासाठीच केलंस, ते कळतं. पण आता येत जाऊ नकोस. तू जिना चढलीस की शेजारची दारं लागतात. त्यांच्या पोराची बरगडी मोडली. मला राहायचंय इथं."

"भोंगा चालू होता. त्यांनी स्वतः सांगितलंय. आता तर आपल्या हातात..."

"आपल्या हातात काय आहे?" कँटीनवालीनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. धाकटीनं बरोबर आणलेला अहवाल पिशवीत परत घातला. दार हलकेच लागलं.

टायपिस्टबाईनं फोन उचलला नाही. नवी माहेरी निघून गेली होती. तिच्या आईनं सांगितलं, ती हल्ली कुठला आवाजच करत नाही, बोलतसुद्धा खुणांनी.

ताईनं दुसऱ्या गावातल्या शिलाईच्या कारखान्यात जागा शोधली. धाकटीला हे कळलं तेव्हा निम्मं सामान बांधून झालं होतं. दोघींनी मिळून उरलेलं बांधलं. स्वयंपाकघर रिकामं झालं, तशी खिडकी मोठी दिसायला लागली आणि टाकी आणखीच जवळ आली. कंपनी तिला नवा रंग देत होती. झुल्यावर बसलेली दोन माणसं वरून खाली सरकत होती, आणि त्यांच्यामागं गंजाचे ओघळ नाहीसे होत होते.

"मी येते तुझ्याबरोबर," धाकटी म्हणाली. "थोडे दिवस. घर लावून देते."

"नको."

"ताई, तू रागावलीयस. रागाव. पण बोल तरी. दोन शिव्या दे."

ताई खोक्यावर बसली. हातातल्या सुतळीला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. "रागावले असते तर तुला कळलं असतं. मी भांडले असते. लहानपणी तुझे केस उपटायचे की नाही?" ती किंचित हसली, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "तू बोलायला लागलीस ना, की मला तेच ऐकू येतं. तू स्वयंपाकघरातून हाक मारतेस, आणि माझ्या छातीत तो सूर चढायला लागतो. मग जिना दिसतो. आई उतरताना दिसतात. रोज. एकेक पायरी. गाताना नाही, पण बोलताना आपला दोघींचा आवाज सारखाच आहे गं, बाई म्हणायच्या ना? मग मी माझंही बोलणं कमी केलंय. कामावर मशिनचा आवाज असतो, तिथं बरं वाटतं."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस," ताई म्हणाली. "फोन करू नकोस. लिहीत जा. मी वाचेन."

टेम्पो आला. खोकी खाली गेली, मशिन खाली गेलं. ताईनं धाकटीच्या गालावरून हात फिरवला, लहानपणी शाळेत सोडताना फिरवायची तसा, आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. धाकटीला हाक मारावीशी वाटली. तिनं ओठ दाबून धरले आणि नुसता हात हलवला.

केस अजून चालू आहे. महिन्यातून एकदा हजेरी असते. पोलिसांनी कॉम्प्युटर परत दिला, तो तिनं पिशवीतून काढलेला नाही. जुन्या स्टुडिओनं तिला पुन्हा ठेवून घेतलं, नाव बाहेर येऊ द्यायचं नाही या अटीवर. ती गाद्यांच्या जाहिराती कापते, घरांच्या जाहिराती कापते, हसणाऱ्या मुलांच्या मागं संगीत बसवते. काम चोख असतं. झाडूवाल्यांच्या संघटनेतून कुणीतरी एकदा येऊन गेलं, नव्या आंदोलनासाठी काहीतरी कर म्हणालं. तिनं चहा पाजला आणि नाही म्हणाली. त्यानं कारण विचारलं नाही, आणि तिला वाटलं, बरं झालं.

परवा दुपारी ताईचा निरोप आला. पंधरवड्यात पहिलाच. "खोली बदलली. ही बरी आहे. पाणी दिवसभर असतं. मालकीण बोलकी आहे, पण तिला कमी ऐकू येतं."

धाकटीनं उत्तर लिहायला घेतलं. बरंच लिहिलं. मावशीबद्दल, कानावर हात ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याबद्दल, आपण आवाजाचा खटका पुढं सरकवला ते बोट आपल्याला अजून कसं दिसतं त्याबद्दल. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. साउंडवाल्यानंही तिच्यावरच्या दयेपोटी पोलिसांना 'वाऱ्यामुळं' असं लिहून दिलं होतं. लिहिलेलं तिनं एकदा वाचलं. ताई हे मशिनशेजारी उभी राहून वाचेल, आणि मग घरी जाऊन एकटीच बसेल. तिनं ते सगळं पुसलं.

"पाणी असलं की झालं," तिनं लिहिलं. "काळजी घे."

मग हेडफोन कानाला लावले. गादीवर उड्या मारणाऱ्या मुलांचा तुकडा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.